आधी पांढरा मागा

पुंता आरेनासमध्ये जूनचा सूर्य
दहाला उगवतो आणि साडेपाचला शटर ओढतो.
त्या वेळात मी झोपलेली असते,
बेकरीची पाळी रात्री दोनला सुरू होते ना.
उजेड माझ्या घरी पाहुणा येतो
आणि घोरणं ऐकून परत जातो.

म्हणून ही पट्टी. स्वयंपाकघराच्या छताखाली,
पाच मीटर, प्रत्येक दिव्याला ज्याचा त्याचा नंबर.
हातात पंचवीस हजार पेसो, अडॅप्टर धरून.
धाकटा बाल्तासार म्हणाला,
एवढ्यात पुष्कळ मेणबत्त्या येतील.

करमुक्त बाजारात येर्को म्लादिनिचचं दुकान.
वारा असा की रस्त्यात दोर धरून चालावं लागलं.
त्यानं तीन रिळं मांडली:
मीटरला साठ दिव्यांचं, मीटरला तीसचं,
आणि एक सगळ्यात स्वस्त,
ज्याबद्दल तो काही बोलला नाही.

तिन्ही पट्ट्या नाचल्या. मोरपंखी, डाळिंबी,
मधूनच पळणारी एक हिरवी खार.
मी स्वस्ताकडे बोट नेलं,
तशी येर्कोनं मान हलवली.
"रंग कुणालाही जमतो, सिन्योरा ओयार्सून.
आधी पांढरा मागा.
पूर्ण, सगळ्यांकडून, एकाच वेळी."

मागितला.
पहिला दिवा दुधासारखा,
मधले सायीसारखे,
आणि शेवटचे वीस
शिळ्या गाजरासारखे.

"तांबं पातळ. वीज वाटेतच दमते.
निळा आधी जातो, मग हिरवा,
लाल शेवटपर्यंत टिकतो,
त्याला थोडक्यात भागवता येतं."
मला आमच्या बँकखात्याची
महिनाअखेर आठवली.

साठवाली हातात घेतली, किंमत वाचली,
होती तशी परत ठेवली.
तीसवाली घेतली.
"दोन्ही टोकांना वीज द्या," तो मागून ओरडला,
"माणसासारखंच असतं ते!"
बाकीचं वाऱ्यानं नेलं.

घरी जोडली. अंधार.
तारा तपासल्या, अडॅप्टर तपासला, येर्कोला शिव्या दिल्या.
बाल्तासारनं पट्टीवरचा तांदळाएवढा बाण दाखवला:
मी उलट्या तोंडानं बोलत होते तिच्याशी.

पालटली. सहा दिवे लागले.
सातवा नाही,
आणि त्याच्या पुढचा एकही नाही.

मुलानं मोबाइलवर वाचून सांगितलं:
निरोपांची रांग आत शिरते,
प्रत्येक दिवा पहिला निरोप आपला म्हणून ठेवतो,
बाकीची रांग पुढच्याच्या हातात देतो.
पहाटे आम्ही पावाचे ट्रे असेच फिरवतो,
आणि ऑर्लिन्दा गैरहजर असली
की तिच्यापुढचं टेबल रिकामंच राहतं.

सातव्याचा दोष नव्हता कदाचित.
तरी कातरला, तांब्याच्या ठिपक्यांवरून,
सहाव्याला आठवा डाग देऊन जोडला.
बोट भाजलं, भट्टीनं भाजतं त्यापेक्षा कमी.
आता दिवे एकशे एकोणपन्नास.
आठवा सातवा झाला, नववा आठवा,
टोकापर्यंत सगळ्यांचे पत्ते बदलले
आणि एकाही दिव्याला ते कळलं नाही.

पण तीसच्या पट्टीत दिवे सुटेसुटे दिसतात,
दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखे.
बेकरीतून बटर पेपर आणला, दुहेरी घडी घातली,
पट्टीपुढे ताणला.
ठिपके विरघळले, एक रेघ झाली.
या खर्चाचं बिल नाही.
मालकाला सांगू नका.

रात्री दीड वाजता कोट चढवते.
बाल्तासार झोपलेला, किटली गप्प.
निघण्याआधी, रोज एकदाच,
पट्टीकडे पूर्ण पांढरा मागते.
फ्रीजवरचा कोपरा, दोन्ही टोकांपासून सारखाच लांब,
अजून जरा पिवळा पडतो.
पडू दे.
मग सगळे मंद करते,
त्याच्या दारावरचे चार तेवढे ठेवते,
आणि दोर धरून निघते.